पश्चिम घाट ४के मध्ये : आकडा खरा, पण मोजला कुठे?



पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की संशोधन पद्धतीच्या व्याख्या पाठ कराव्यात का? करा, मार्क मिळतात. पण खरं सांगू? कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणजे काय हे मला एम.एस्सी.च्या वर्गात नीट कळलंच नव्हतं. ते कळलं सांगलीत मामाच्या हॉलमध्ये, व्हिडिओ गेम खेळताना. म्हणून आजचा लेख एका गेमच्या सुधारित आवृत्तीचं परीक्षण आहे, आणि सोबत माझ्या एका चुकीच्या निष्कर्षाचंही. त्या निष्कर्षापायी आमच्या घरात विनाकारण एका टीव्हीचा हप्ता सुरू होणार होता.

गेम कोणता?

'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी'. नॉटी डॉग या अमेरिकन स्टुडिओने तो ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी आणला. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोघी गणपतीच्या सुळ्याचा शोध घेत भारतात फिरतात आणि होयसळांच्या जुन्या अवशेषांपर्यंत पोचतात. चौथ्या प्रकरणाचं नावच 'द वेस्टर्न घाट्स'. तिथे जीप हातात मिळते आणि चिखल, धबधबे, पडके बुरूज यांच्यामधून हवं तिकडे फिरता येतं.

साताऱ्याच्या माणसाला हे बघताना जरा वेगळं वाटतं. कास आणि कोयना आमच्या जिल्ह्यात. चांदोलीचं जंगल सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. ही तिन्ही ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहेत. त्यामुळे 'आता पश्चिम घाट ४के मध्ये' असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

जानेवारी २०२२ मध्ये हा गेम 'अनचार्टेड ४' सोबत 'लेगसी ऑफ थीव्ज कलेक्शन' या नावाने प्लेस्टेशन ५ वर आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो १०८०पी मध्ये, सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने चालायचा. नव्या आवृत्तीत तीन मोड दिले आहेत. फिडेलिटी मोडमध्ये पूर्ण ४के आणि ३० फ्रेम. परफॉर्मन्स मोडमध्ये १४४०पी आणि ६० फ्रेम. परफॉर्मन्स प्लसमध्ये १०८०पी आणि १२० फ्रेम.

आधी साधा गुणाकार

जाहिरात वाचून भारावून जाण्याआधी वहीत गुणाकार करायचा, ही सवय आत्तापासून लावा.

४के म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. १०८०पी म्हणजे १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. पहिला आकडा दुसऱ्याच्या बरोबर चौपट. आता सेकंदाचा हिशोब करा. ४के गुणिले ३० फ्रेम = २४,८८,३२,०००. आणि १०८०पी गुणिले १२० फ्रेम = २४,८८,३२,०००. एका पिक्सेलचाही फरक नाही! मधला १४४०पी मोड साधारण २२ कोटींवर येतो.

थोडक्यात, तीन मोड म्हणजे एकाच पगाराची तीन अंदाजपत्रकं. कोणी घरावर जास्त खर्च करतो, कोणी प्रवासावर, पगार तोच. (प्रत्यक्षात खर्च फक्त पिक्सेलचा नसतो. पात्रांची हालचाल, जीपचं फिजिक्स हे प्रत्येक फ्रेमला नव्याने करावं लागतं, त्यामुळे हिशोब दर वेळी इतका चोख जुळत नाही. पण दिशा हीच.)

हे लॅबमध्ये तुम्हाला रोज भेटणार आहे. एक्सआरडीवर २० ते ८० अंशांचा स्कॅन लावलाय. स्टेप ०.०२ अंश, प्रत्येक बिंदूला १ सेकंद, म्हणजे सुमारे ३००० बिंदू आणि ५० मिनिटं. तेवढ्याच ५० मिनिटांत स्टेप ०.०१ करायची तर प्रत्येक बिंदूला अर्धाच सेकंद मिळणार. बिंदू दुप्पट, पण प्रत्येक बिंदूवरची मोजणी निम्मी, आणि सापेक्ष नॉइज सुमारे १.४ पट. मशीनवर तुमच्यामागे चार जण नंबर लावून बसलेले असतात, त्यामुळे 'दोन्ही द्या' म्हणता येत नाही. कशासाठी मोजतोय हे ठरवूनच सेटिंग निवडावं लागतं. म्हणून गेमने हा निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दिला, ही मला या आवृत्तीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

सांगली : पहिला निष्कर्ष

आता माझी चूक. कन्सोल माझ्या मामेभावाचा. तो डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीत लागलाय, आणि पहिल्या वर्षाच्या बचतीतून त्याने हे यंत्र घेतलं. दिवाळीआधी मी सांगलीला गेले होते. हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही, सोफा समोरच्या भिंतीला, अंतर साधारण नऊ फूट. आम्ही फिडेलिटी लावलं, मग परफॉर्मन्स लावलं. "बघ की ताई, केवढं क्लिअर दिसतंय," तो म्हणाला. मलाही दिसलं. आणि ३० फ्रेम असूनही कॅमेरा अगदी लोण्यासारखा फिरत होता. मी वहीत लिहून टाकलं : '३० आणि ६० मध्ये जाणवण्याइतका फरक नाही. ४के मोडच वापरावा.'

भाऊबीजेला तो कन्सोल सॅकमध्ये घालून कराडमार्गे एसटीने साताऱ्याला आला. आमच्याकडे ३२ इंची एचडी रेडी टीव्ही. तोच गेम, तीच डिस्क, तोच फिडेलिटी मोड. जीप वळवली की चित्र अडखळायचं, डोळ्यांना टोचायचं. परफॉर्मन्स लावलं की एकदम सुतासारखं सरळ.

मी लगेच कारण शोधलं : आपला टीव्ही स्वस्तातला आहे, त्याला हे झेपत नाही. जेवताना तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "तू सायन्सवाली, तू म्हणतेस तर घेऊ नवीन." दुसऱ्या दिवशी दुकानात जायचं ठरलं.

रात्री मला झोप येईना. तुम्हीही बघा, माझ्याकडे काय होतं? दोन शहरं, दोन टीव्ही, दोन आकार, दोन अंतरं. एवढं सगळं एकदम बदललं, आणि मी त्यातलं एक कारण उचललं. का? तर ते कारण सोयीचं होतं. महागडी वस्तू चांगली आणि स्वस्त वस्तू वाईट, हे आधीच डोक्यात बसलेलं.

दोष टीव्हीचा नव्हता, टीव्हीतल्या मदतीचा होता

बऱ्याच टीव्हींमध्ये मोशन स्मूदिंग नावाची सोय असते. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, काम एकच : आलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये काय असेल याचा अंदाज बांधून नवीन फ्रेम तयार करायची आणि मध्ये घालायची. क्रिकेट बघताना बरं वाटतं. चित्रपट मात्र टीव्ही मालिकेसारखा दिसायला लागतो. गेममध्ये दोन गोष्टी होतात. एक, ३० फ्रेमचं चित्र ६० सारखं भासतं. दोन, मधली फ्रेम बनवायला टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ वाढतो.

सकाळी दुकानात जायच्या आधी मी मामीला फोन करून टीव्हीचं पिक्चर सेटिंग वाचून दाखवायला सांगितलं. स्मूदिंग चालू, तेही पूर्ण. भाऊ परत गेल्यावर त्याने ते बंद करून गेम लावला आणि फोन केला : "ताई, आता इथंपण अडखळतंय की!"

झालं. म्हणजे माझा ३२ इंची टीव्ही खरं सांगत होता, आणि मामाचा टीव्ही गोड बोलत होता. दुकानात जाणं रद्द झालं. (मामा मात्र दोन दिवस तक्रार करत होते, की मॅच आधीसारखी दिसत नाही.)

इथे हसण्याआधी आपापला ग्राफ आठवा. मी स्वतः एका सादरीकरणात स्पेक्ट्रमला भरपूर स्मूदिंग दिलं होतं. रेषा सुंदर झाली, पण मुख्य पीकच्या खांद्यावरचा छोटा फुगवटा गायब झाला. तो नॉइज नव्हता, तो डेटा होता. स्मूद केलेला बिंदू हा मोजलेला बिंदू नसतो. स्मूदिंग करू नका असं मी म्हणत नाही. केलं असेल तर किती आणि कसं, ते लिहा.

टीव्हीतलं दुसरं तसलंच सेटिंग म्हणजे शार्पनेस. तो वाढवला की कडांभोवती पांढरट किनार येते आणि चित्र 'जास्त डिटेल' वाटतं. प्रत्यक्षात एकही नवीन तपशील आलेला नसतो. म्हणून कुठल्याही गेमच्या रिझोल्यूशनवर बोलण्याआधी टीव्ही गेम मोडवर टाका, स्मूदिंग बंद करा आणि शार्पनेस कंपनीच्या मूळ आकड्यावर आणा. तुलना त्यानंतर.

मग ४के दिसलं ते काय होतं?

राहिला 'केवढं क्लिअर' हा प्रश्न. इथे दोन चाचण्या करता येतात, एक कागदावर आणि एक सोफ्यावर.

कागदावरची : सामान्य चांगल्या नजरेला साधारण एक मिनिट कोनाएवढा (अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा दिसतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद. त्यावर १०८०पीचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा होतो, आणि तो सुमारे २.२ मीटरच्या पलीकडून वेगळा दिसणं अवघड. ४केचा पिक्सेल त्याच्या निम्मा, म्हणून त्याची मर्यादा सुमारे १.१ मीटर. मामाचा सोफा नऊ फुटांवर, म्हणजे २.७ मीटर. हिशोबाने तिथून १०८०पीचेही पिक्सेल वेगळे दिसायला नकोत. उलट माझ्या खोलीतल्या ३२ इंची पडद्याची मर्यादा सुमारे १.८ मीटर, आणि मी बसते पलंगावर, पाच फुटांवर. म्हणजे दातेरी कडा पकडायला माझी जागाच जास्त कडक परीक्षक निघाली.

हा अंदाज आहे, कायदा नाही. तरुण डोळे याहून बारीक बघू शकतात, आणि पानांच्या कडांची लुकलुक पिक्सेल न दिसताही जाणवते. शिवाय छोट्या पडद्यावर ४के अगदीच वाया जातं असंही नाही. मोठं चित्र लहान करून दाखवताना कडा मऊ होतात, तो फायदा मिळतो.

सोफ्यावरची : तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मी पुन्हा सांगलीला गेले. मी हॉलबाहेर थांबायचं. भावाने नाणं उडवायचं, छापा आला तर फिडेलिटी, काटा आला तर परफॉर्मन्स, आणि ते कागदावर लिहून कागद उलटा ठेवायचा. पात्र देवळाच्या कोरीव भिंतीसमोर उभं करून मला हाक मारायची. कंट्रोलरला मी हात लावायचा नाही, कारण कॅमेरा हलला की फ्रेम रेटच उत्तर सांगून टाकतो. नजर फक्त कोरीव कामावर. दहा वेळा.

दहापैकी सहा बरोबर आले. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ३८६, म्हणजे जवळपास ३८ टक्के. म्हणजे मी काहीच सिद्ध केलं नाही. निदान नऊ आले असते तर बोलता आलं असतं, कारण नऊ किंवा दहा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. आठवर थांबलं तर ती साडेपाच टक्के होते, आणि तिथे आपल्याकडे बरेच जण डोळे मिटून 'सिग्निफिकंट' लिहितात.

मग कॅमेरा फिरवायची परवानगी घेऊन पुन्हा दहा वेळा. दहापैकी दहा.

एक माणूस, एक टीव्ही, एक हॉल. हा पुरावा नाही, पायलट आहे. पण पायलटनेही मला एक गोष्ट सांगितली. दिवाळीआधी जे 'क्लिअर' दिसलं, ते मला मोडचं नाव माहीत होतं म्हणून दिसलं असण्याची दाट शक्यता आहे. माहिती डोळ्यांच्या आधी पोचली होती.

सरासरीवर विश्वास किती?

आणखी एक आकडा तपासू. परीक्षणांत 'सरासरी ५५ फ्रेम' असं लिहिलेलं असतं. ६० च्या मोडमध्ये प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा एका सेकंदात ५४ फ्रेम वेळेवर आल्या, म्हणजे ९०० मिलिसेकंद गेले, आणि उरलेली एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली. एकूण ५५ फ्रेम. सरासरी छान, पण नेमकं उडी मारताना चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं गोठलं. खेळणाऱ्याला सरासरी जाणवत नाही, तो झटका जाणवतो. म्हणून जाणकार परीक्षक फ्रेम टाइमचा आलेख दाखवतात. तुमच्या प्रबंधातही नुसता मीन देऊन थांबू नका. पसारा द्या, आणि सगळ्यात वाईट वाचन कुठे आलं तेही सांगा.

तर आवृत्ती कशी आहे?

खेळण्यासाठी माझं मत परफॉर्मन्स मोडला. जीपचं प्रकरण या मोडमध्ये खऱ्या अर्थाने नवीन वाटतं. वळण घेताना पुढचा खड्डा आधी दिसतो, हात आणि डोळे एकत्र चालतात. फिडेलिटी ठेवा फोटो मोडसाठी, आणि पडद्याजवळ जाऊन बारकावे पाहायची हौस असेल तर त्यासाठी. १२० चा मोड १२० हर्ट्झच्या टीव्हीशिवाय निरर्थक. त्यासाठी हप्ता काढू नका.

माझी तक्रार वेगळीच आहे. रिझोल्यूशन वाढल्याने पान स्पष्ट झालं, पण पान तेच राहिलं. या गेममधला घाट कायम हिरवा आणि कायम ओला. कासचा कातळ मार्चमध्ये कसा करपतो, पहिल्या पावसानंतर त्यावर काय उगवतं, हे चौपट पिक्सेल देऊनही येणार नाही, कारण ते मुळात कोणी काढलेलंच नाही. इन्स्ट्रुमेंट कितीही भारी असलं तरी सॅम्पलमध्ये नसलेलं ते दाखवू शकत नाही. शिवाय जुन्या गेममधला मल्टिप्लेअर या आवृत्तीतून काढून टाकलाय. लोडिंग भराभर होतं, कंट्रोलरची थरथर सुधारली, हे जमेत धराच. पण 'अपग्रेड' या शब्दात वजाबाकीही असते, ती विचारून घ्या.

याच्याशेजारी आपल्या पुण्याचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' ठेवून बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने तो २०२० मध्ये आणला, आणि तो सगळ्यात आधी आला निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे ताकदीने बऱ्याच कमी यंत्रावर. कॅमेरा लांब, चित्रशैली पहाडी लघुचित्रांकडे झुकलेली, त्यामुळे पिक्सेल कमी असूनही फारसं बिघडत नाही. पुढे त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि माझ्या मते तिच्यातली मोठी सुधारणा म्हणजे हिंदी आवाज. भारतीय गोष्टीतली पात्रं भारतीय भाषेत बोलू लागली. ही सुधारणा कुठल्या एककात मोजणार? पिक्सेलमध्ये नाही, फ्रेममध्ये नाही. मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं धरून चाललो तर अशा गोष्टी हातातून निसटतात.

जाता जाता

खोक्यावरचा ४के खोटा नसतो. तो कन्सोलच्या आत मोजलेला असतो. तिथून केबल, टीव्हीचं सेटिंग, सोफ्याचं अंतर आणि आपली अपेक्षा, एवढ्या पायऱ्या ओलांडून चित्र आपल्यापर्यंत येतं. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं किंवा काहीतरी भर पडते. पेपर वाचताना प्रत्येक आकड्याला हाच प्रश्न विचारा : तू कुठल्या पायरीवरचा?

यावेळचा गृहपाठ सोपा आहे. घरच्या टीव्हीचं स्मूदिंग चालू आहे का ते बघा, आणि घरच्यांना न सांगता एक दिवस बंद करून ठेवा. कोणाच्या लक्षात येतं, कोण काय कारण सांगतं, ते वहीत लिहा. पहिलं कारण बहुतेक चुकीचं असेल. माझं होतं.

बाबांनी परवा विचारलं, "मग टीव्ही घ्यायचा की नाही?" मी म्हटलं, "आधी पलंग एक फूट मागे सरकवून बघू."